ढेकर

मार्चमध्येच पूर्णेचा डोह
म्हशींच्या गुडघ्याखाली आला,
आणि शेवंताकाकी काठावरूनच परत फिरली.
"यंदा ह्या कुठी लोयतीन?"

सात म्हशी. पूर्णाथडी. अंगानं भुऱ्या,
शिंगं खांद्यापर्यंत मागं टाकलेली.

मी डेअरीवर वही लिहिते.
फॅट, डिग्री, लिटर, सही.
उन्हाळा आधी माझ्या वहीत येतो,
भिंतीवरच्या कॅलेंडरात मग.
काकीच्या नावापुढं फेब्रुवारीत एकवीस लिटर,
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बारा.
एकदा कॅनचं झाकण काढलं
तर दूध वाटेतच फाटलेलं.
नाल्यात ओतताना काकीनं पदर
डोळ्याला नाही, नाकाला लावला.

प्रणिता उईके स्कूटीवरून येते, लशींचा डबा मांडीत धरून.
टोचून झालं की टोपलं उलटं करून त्यावर बसते.
त्या दिवशी म्हणाली,
म्हैस रवंथ करते, पोटात गॅस होतो,
ढेकरातून वर जातो,
आणि वर जाऊन ऊन धरून ठेवतो.

कोठ्यात कुणी बोललं नाही.
मग काकी हसली, बाज करकरेपर्यंत.
"म्हंजे माह्या भुरीच्या ढेकरानं
आभाय तापते?
अन् त्या शहरातल्या गाड्याईनं नाही?"
"गाड्यांनी जास्त, काकी. पण हिच्यानंही तापते."
"अन् तापलं का पडते कोनाच्या डोक्यावर?
हिच्याच ना?"
"हो."
हे 'हो' प्रणितानं
डब्याचं झाकण लावता लावता म्हटलं.

मग काय आधी झालं, काय नंतर, मला नीट आठवत नाही.
टिनावर पऱ्हाट्या आल्या, वर जुनी ताडपत्री.
बोअरचं पाणी शिंपडून पाहिलं,
दुपारपर्यंत पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ,
म्हशी एकमेकींना चाटत बसल्या.
शेततळ्याचं गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं.
धार काढायची वेळ पहाटे तीनवर गेली,
आणि डेअरीचं कुलूप उघडायची माझीही.

गव्हाचं कुटार युरियाचं पाणी मारून
एकवीस दिवस झाकून ठेवलं.
उघडलं तर काकी दोन पावलं मागं सरली.
"मुतासारखं वासते वं हे!"
वारा लागू दिला, मग टाकलं.
म्हशींनी गव्हाणीची लाकडंसुद्धा चाटली.
चांगलं पचलं की दुधामागं ढेकर कमी, प्रणिता म्हणते.
ढेकर कुणी मोजले नाहीत.
दूध मी मोजलं. साडेचौदा.

दोन भाकड शुक्रवारच्या बाजारात गेल्या.
कमी ढोरं, पोटभर चारा: हिशेब बरोबर होता,
मीच मांडून दिला होता.
त्या रात्री काकी जेवली नाही
आणि दोन दिवस माझ्याशी बोललीही नाही.

तिसरी भुरी. चौदा वर्षांची, तीन वर्षं कोरडी.
"हिले नाही," काकी म्हणाली.
प्रणितानं तोंड उघडलं, परत मिटलं.
"माईत हाय मले. फुकट ढेकर देते. देऊ दे.
ढेकर धरता येत नाही, बाई,
शेन त धरता येते?"

म्हणून कोठ्यामागं खड्डा खणला,
वर टाकी आली, नळी आली,
आणि दिवाळीनंतर एका सकाळी
शेगडीवर निळी जीभ.
पाहायला अर्धी गल्ली.
नथ्थूभाऊ म्हणाले, याच्यावरचा चहा मी पिनार नाही,
आणि दोन कप प्यायले.

आता पुन्हा मे.
रात्री अकरालाही भिंत हाताला पोळते.
आमच्या बाजा अंगणात, कोठ्याला लागून.
अंधारात भुरी रवंथ करते,
थांबते,
आणि खोल विहिरीतून बादली वर यावी तसा
एक ढेकर येतो.

"गेला," काकी म्हणते.

मी वहीच्या शेवटच्या पानावर रकाना आखलाय:
भुरी, तारीख, ढेकर.
अजून कोराच आहे.
काकी म्हणते, चाळीसच्या पुढं मोजता मोजता
डोळा लागते.