काउंटर नंबर तीन

मशीन थबकलं की मी नोट हातात घेते.
आधी उजेडाकडे, मग तिरकी,
मग डोळ्यांच्या रेषेत आडवी,
सुईत दोरा ओवताना धरतात तशी.
मोकळ्या जागेत चेहरा उगवतो. तिथे शाई नसते,
कागदच जाड-पातळ झालेला असतो.
नोट कलती केली की धागा हिरव्याचा निळा होतो.
नंबराचे आकडे डावीकडे बुटके,
उजवीकडे जाता जाता वाढत जातात,
शाळेच्या फोटोतल्या रांगेसारखे.
मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी.
आपली आठवी. वर सात, खाली सात.
नागपूरच्या माणसाला ही जागा ओळखीची:
सगळ्या गाड्या इथून जातात, उतरतात थोडे.

इतवारीच्या या शाखेत मला अकरा वर्षं झाली.
त्या मंगळवारी रांगेत बाबा होते.
तांडापेठेतला माग त्यांनी आदल्या दिवशी विकला,
लाकूड भंगाराच्या भावात, धोटे वेगळे.
फणी ठेवून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.
रुमालात अठरा नोटा, पाचशेच्या.

काचबिंदूने कडेकडेचं जग नेलं, मग मधलंही.
नोटा ते बोटांनी ओळखतात:
काठाला पाच तिरक्या रेघा आणि उठावाचा गोल, म्हणजे पाचशे.
चार रेघा, मधे दोन टिंबं, म्हणजे दोनशे.
कोऱ्या नोटेला म्हणतात, "खळ गेली नाही अजून."
मी लहान होते तेव्हा म्हणायचे,
"हा कागद नोहे माय, कापूसच आहे.
फक्त मागावर नाही बसला."

मशीन चौदाव्या नोटेवर थबकलं.
चेहरा होता, फिकट राखाडी, वरून काढलेला.
आकडे वाढत होते. आठवी ओळ आठवीच होती.
निळ्या दिव्याखाली खरी नोट काळवंडते,
चार तंतू आणि नंबर तेवढे चमकतात.
ही सगळीच उजळली,
नीळ घातलेल्या सदऱ्यासारखी.

मागे सहा जण. एकाला बसची घाई.
माझ्या पर्समध्ये पाचशेची नोट होती.
वर कॅमेराही होता, पण खरं सांगते,
कॅमेरा मला नंतर आठवला.
शिक्का मारला. बनावट नोट. लाल शाईत.
रजिस्टरमध्ये आणणाऱ्याचं नाव: लहानुजी निखारे.
नातं लिहायला रकाना नाही.

"दे बरं एकदा हाती."
द्यायची नसते.
मी काचेखालून सरकवली, कोपऱ्यावर माझं बोट दाबून.
त्यांचा अंगठा रेघांवरून गेला, गोलावरून गेला,
आणि धाग्यापाशी थांबला. नखाने खरवडून पाहिलं.
"छापला," ते म्हणाले. "धागा छापला त्यानं."

आवाजात पाचशे गेल्याचं काही नव्हतं.
करवतकाठीचं नुसतं चित्र उमटवलेल्या साड्या
बाजारात आल्या, त्या दिवाळीत
हाच आवाज घरात चार दिवस होता.
"घालाचा असते माय धागा. आत.
लगदा ओला असतानी कोनं तरी घातला असंन."
मग काचेकडे तोंड करून, जरा मोठ्यानं:
"लबाडी करा ना. पन इतकी आळशी?"
बसची घाई असलेला माणूस हसला. मीही हसले असेन.

पावती फाडली. त्यांचं बोट धरून चौकट दाखवली,
सही बरोबर आत बसली.
सतरा नोटा जमा.

दुपारी गोळीबार चौकात तर्री-पोहे खाल्ले.
पैसे त्यांनीच दिले, दहा-दहाच्या, मळून कापडासारख्या झालेल्या.
पोहेवाल्यानं न पाहता गल्ल्यात टाकल्या.
दहाची नोट कोणी उजेडाकडे धरत नाही.
तर्री मनगटापर्यंत आली होती.
नोटांचा तो रिकामा रुमाल त्यांनी काढला
आणि एकेक बोट पुसत बसले,
सावकाश, अंगठ्यापासून,
चष्मा पुसावा तसे.