तिसरी पायरी

लिंडन रस्त्यावर यंदा विकाऊ घर एकच.
अंगणात रोवलेली पाटी वाऱ्यानं कण्हते
आणि अख्खं बंदर कान देऊन ऐकतं.

मी टपाल वाटते. एकोणीस वर्षं झाली.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणे,
माझ्या पाठीवर दुसऱ्यांची:
विजेची बिलं, बियाण्यांचे कॅटलॉग,
आणि ऑक्टोबरपासून टोरोंटोची जाड, मऊ पाकिटं,
सगळी एकाच दाराची.

कारण हल्ली नुसत्या पैशानं भागत नाही.
घर मागणारे मालकिणीला पत्र लिहितात,
कुत्र्याचा फोटो लावतात, जुळ्यांचा फोटो लावतात,
'तुमच्या सफरचंदाच्या सावलीत आमची मुलं वाढोत.'
ते झाड नासपतीचं आहे.

वेल्मा झिंकच्या नवऱ्यानं हे घर
कॉडच्या दोन बऱ्या मोसमांत फेडलं होतं.
आता किंमत विचारली
की एजंट आधी घसा खाकरतो.

माझी खोली? ती मालकानं पाहुण्यांना दिली,
रात्रीच्या हिशोबानं.
दाराला आकड्यांचं कुलूप आलंय.
मी तिथंही टपाल टाकते,
पण तिथं कुणाच्या नावाचं काही येतच नाही.
मी बहिणीच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी.
रात्री तो पेट घेतो तेव्हा
झोपेतही मला वाटतं, कुणीतरी घरी आलं.

तिथंच बसून एकदा मीही लिहिलं.
आकडा लिहिला, खाली रेघ ओढली,
जणू रेघेवर उभा राहून तो थोडा उंच दिसेल.
सही केली नाही. तिकीट लावलं नाही.
गठ्ठ्यात मधोमध सरकवलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
स्वतःचं टपाल स्वतः वाटलं.

जानेवारीत वेल्मानं मला आत बोलावलं.
'बोटं निळी पडलीत तुझी, डेल्फिन. चहा घे.'
टेबलावर पत्रं. एकतीस.
चष्मा पुसून तिनं एक उचललं.
'ही बघ. एजंट म्हणतो, सगळ्यांत कमी बोली.
पण ऐक काय लिहिलंय:
"तिसरी पायरी डावीकडे दबते.
ती मी दुरुस्त करीन,
आवाज राखता आला तर आवाज राखीन."
कोण असेल गं ही?'

कप फार गरम होता.
मी म्हटलं, 'अक्षर काही बरं नाही.'
तिनं पत्राची घडी घातली
आणि बराच वेळ माझ्या बुटांकडे पाहत राहिली.

'विकत नाही मी,' ती म्हणाली, त्या बुटांनाच जणू.
'ऑगस्टपासून शोधतेय. दोन खोल्या,
जिना नको, गुडघा गेलाय.
गावात नाहीत. धक्क्यावरच्या इमारतीत
नाव लावलंय, एक्क्याण्णवावं.
सरकत्या चौकटींचं कोडं असतं बघ,
पंधरा तुकडे, एक जागा मोकळी,
म्हणून तर बाकीचे हलतात.
इथं ती मोकळी जागाच
कुणीतरी विकत घेऊन ठेवलीय.'

मग आम्ही बिस्किटांविषयी बोललो.

पाटी उपटली त्या दिवशी
बर्फात चौकोनी भोक राहिलं,
दुपारपर्यंत तेही भरलं.
पत्रं मात्र थांबली नाहीत.
काल कॅलगरीहून आलं, आज ओटावाहून,
घर विकायचं नाही हे
पत्रांना कोण कळवणार?

मी फाटक ढकलते.
पहिली पायरी. दुसरी.
तिसरीवर, डाव्या अंगाला,
सगळा भार टाकून
क्षणभर उभी राहते.

आत खुर्ची सरकते.