उतरती मात्रा

शिलाई मशीनचं मुंडकं विकलं त्या वर्षी
उरलेल्या पाटावर तू हे दाबयंत्र बसवलंस,
चार बोल्ट, खाली जुन्या चपलेचं रबर कापून.
अख्ख्या लोकमान्य नगरात कुणाच्या घरी
रविवारी दुपारी शिसं सांडत नसेल.
आपल्याकडे सांडतं.
एखादा छर्रा फरशीवरून पळत फ्रिजखाली जातो
आणि दिवाळीच्या सफाईत सापडतो,
साबुदाण्यासारखा, पण काळा.

आता यंत्र माझ्याकडे आहे.
तुझ्या बोटांना टोपी बसवणं जमेना, तेव्हापासून.
रिकामी टरफलं मी आधी उजेडात धरते,
तोंडाशी चीर गेलेली बाजूला.
प्रत्येक भरणीला बुडावर नेलपॉलिशचा एक ठिपका;
पाच ठिपके झाले की त्याची नोकरी संपली.
जुनी टोपी बाहेर, नवी आत,
बारूद, त्यावर प्लास्टिकची वाटी, वाटीत छर्रे
सर्र
आणि दांडा खाली.
मोदकाच्या कळ्या मला आयुष्यात जमल्या नाहीत,
तुझी आई तोंडावर म्हणायची.
या सहा कळ्या बघ म्हणावं.
एकही उकलत नाही.

एकतीस वर्षं एम. वाय.च्या औषधखिडकीत
मी पुड्या बांधल्या. हात मापाला चुकत नाही.
म्हणून डॉक्टर खांडवेकर जेव्हा म्हणाले,
"खांद्यात स्क्रू आहेत, बंदूक आता बंद,"
तेव्हा तू भिंतीकडे बघितलंस
आणि मी मनात म्हटलं,
काही औषधं एकदम बंद करायची नसतात.
उतरवत न्यायची असतात.

अठ्ठावीस ग्रॅमवरून चोवीस.
हे तुला सांगून.
चोवीसवरून एकवीस, संक्रांतीच्या आधी,
हेही सांगून, थोडं भांडून.
एकवीसवरून एकोणीस
मी सांगितलं नाही.
डब्यावर तीच चिठ्ठी राहू दिली.

रेंजवर मी मागच्या बाकावर बसते, कानात बोळे.
तू "पुल" म्हणतोस, जुगल बटण दाबतो,
केशरी चकती खड्ड्यातून सुटते,
महूच्या बाजूला, हरभऱ्याकडे.
मी चकती बघतच नाही.
तुझा खांदा बघते.
पूर्वी पाऊल मागे पडायचं,
आता शर्टाची बाही नुसती हलते.
पंचवीसात बावीस. एकोणीस. सतरा.
"हवा है भिया आज," जुगल म्हणतो,
हवा नसताना.

गेल्या बुधवारी चौदा.
तू बंदूक उघडून माझ्या शेजारी ठेवलीस
आणि काठी न घेता रानात उतरलास.
काळ्या मातीत ठिकऱ्याच ठिकऱ्या,
त्यात वाकून वाकून काय शोधत होतास, कळेना.
जेवताना ताटाशेजारी ठेवलीस:
अख्खी चकती.
कडेला तीन पोचे.
"पोचले होते गं," एवढंच म्हणालास,
"फोडायला कमी पडले."
आणि वरण मागितलंस.

मी ती साबणाने धुतली, दोनदा,
आणि यंत्राजवळ ठेवली. तिच्यात आता नव्या टोप्या असतात.

आज तू खुर्ची ओढून समोर बसलास,
बनियनच्या टोकाने चष्मा पुसत.
मी खणातून एकवीसचं माप काढलं,
एकोणीसचं आत टाकलं, खण लावला.
आवाज झाला तेवढा झाला.
तू पहिलं टरफल उचललंस,
बुडावरचे ठिपके मोजलेस. चार.
आणि माझ्या हातात दिलंस.

रात्री शेकायला पाणी
मोठ्या पातेल्यात ठेवावं लागेल.