रिपोर्ट

ऐरोलीच्या नाक्यावर, औषधाच्या दुकानाला लागून
आमचं एक्स-रे सेंटर.
दिवसातून चाळीस वेळा मी तेच म्हणते :
श्वास घ्या, रोखा, हलू नका.
आणि मग : रिपोर्ट संध्याकाळी मिळेल.

पार्थवी. वय वर्षं पाच. डावा हात.
आई म्हणाली, पलंगावरून पडली.
काका म्हणाला, जिन्यावरून.
दोघं एकदमच बोलले, मग एकदमच गप्प झाले.
शिशाचा एप्रन तिच्या पोटावर ठेवला,
मी काही सांगायच्या आतच
तिनं श्वास रोखला होता.
इतकं न हलणारं मूल
मी फक्त भूल दिलेलं पाहिलंय.

पडद्यावर ताजी भेग.
तिच्यावर बोटभर अंतरावर एक जुनी,
कुणी न बसवता आपोआप सांधलेली,
फांदीला गाठ येते तशी.
मनगटापाशी आणखी एक.
हाडाला पढवून आणता येत नाही.

डॉक्टर बिवलकर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
वंदनाताई, आपण फोटो काढतो. फिर्याद नाही.
वाईट नाहीत ते. सेंटरचे हप्ते आहेत,
पोलीस, कोर्ट, तारखा,
आणि मुलगी खरंच पडली असेल तर?

तेवढ्यात मला दिघ्याचा तो मुलगा आठवला,
दोन वर्षांपूर्वीचा. बरगड्या.
पाकिटावर त्याचं नाव मी
सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.
तेवढंच केलं होतं.

ट्रेनिंगला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या,
खात्री करणं तुमचं काम नाही,
कळवणं तुमचं.
न कळवण्यालाही कलम असतं, हेही म्हणाल्या होत्या,
तेव्हा आम्ही समोशांच्या बशीकडे बघत होतो.

खरं सांगते, एक शून्य नऊ आठ दाबताना
पोरीची माया होती की कलमाची भीती,
मला सांगता येणार नाही.
बोट मात्र माझंच होतं.
पलीकडून विचारलं, आपलं नाव?
मी पूर्ण सांगितलं, सासरच्या आडनावासकट,
पत्ता, मोबाइल,
आणि मग इतक्या हळू बोलले
की त्यांनी ते परत विचारलं.

बाहेर बाकावरून आईचा आवाज आला :
रिपोर्ट कधी मिळेल?
आजच, मी म्हटलं.

आत टेबलावर पार्थवी तशीच पडून होती,
छताकडे बघत, ओठ घट्ट मिटून.
श्वास सोड, असं म्हणायचं
माझ्याकडून राहूनच गेलं होतं.