वाराई

टाके निघाल्याला चौदा महिने झाले.
जखम बघून कोणीही म्हणेल, छान भरली.
चार बोटं लांब, फिकी,
वहीला समास आखावा तशी रेघ.
दुखतं ते तिथे नाहीच.
खाली, आत, जांघेत,
जिथलं नाव चारचौघांत घेत नाहीत.
मार्केटात सांगून ठेवलंय: कंबर.

वाशीच्या दवाखान्यातली मुलगी पेन उघडून विचारते,
काका, दहापैकी किती?
सत्तावीस वर्षं दाणाबंदरात पोती वाहिली, पोरी,
मला किलोत विचार.
साखर पन्नास. तांदूळ तीस.
जुनं तागाचं, शंभराचं.
पाठीवर घेतानाच ठाऊक असायचं,
अठरा पावलं, मग थप्पी.
पाठ मोकळी झाली की क्षणभर
माणूस जमिनीच्या वीतभर वरून चालतो.
ह्याला थप्पी नाही.
ह्याची वाराई कोणाच्या खात्यावर लिहू?

डॉक्टर म्हणाले, जाळी नीट बसलीय,
नस चिडलीय.
मी काय बोललो होतो तिला?
सुलनला सांगितलं तर ती आधी हसली,
मग जुन्या सुती साडीची लुंगी शिवली,
नाडी नाही, इलॅस्टिक नाही,
उजवीकडे शिवणसुद्धा नाही.
उजवीकडचं तिला कसं कळलं, विचारलं नाही.

घणसोली ते तुर्भे एकवीस गतिरोधक.
पालिकेकडेही नसेल एवढा पक्का हिशेब.
रिक्षावाल्याला म्हणतो,
पोटुशी बाई बसलीय असं समजून चालव.
तो आरशातून माझ्या मिशा बघतो.

गोळीने दुखणं जात नाही,
शेजारच्या खोलीत जातं,
तिथे भांडी आपटत बसतं.
आणि जाताना माझे आकडे घेऊन जातं.
मुकादमाने खुर्ची दिली, पावत्या दिल्या,
परवा चाळीस पोती मिरचीची
मी चौदा लिहिली.
ज्ञानू रांजणेने खोडून नीट केली,
एक शब्द बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्री अडीचला येते.
आधी मुंगी. मग तापलेली तार.
मग कुणीतरी आकडा घालून
हिसका मारतं.
तो हिसका मी ओळखतो.
सत्तावीस वर्षं आकडा माझ्याच हातात होता.
पोत्याचा विचार कोण करतो?

उठतो. गॅलरीत उपडी बादली,
तिच्यावर उजवा पाय.
त्या मुलीने शिकवलंय,
श्वास चार आकड्यांत घ्या, सहात सोडा.
मला ते तसं जमत नाही.
मी आपला जुन्या चालीत घेतो,
उचलताना एक, ठेवताना दोन.
ठाणे-बेलापूर रस्त्याने नाशिकचे ट्रक येत असतात,
रिव्हर्सचा भोंगा लांबून ऐकू आला
की पाठ अजून आपोआप वाकते,
मूर्ख.

कधी अर्धा तास. कधी उजाडतं.
एकदा पूर्ण रात्र आलीच नाही,
तर मी तिची वाट बघत जागा राहिलो.

आतून सुलन विचारते,
आज काय माल आलाय?
हे आमच्यातलं.
मी थोडं थांबून, अंदाज घेऊन सांगतो,
तांदूळ. ओला.
मग ये पडायला, म्हणते,
आणि भिंतीकडे सरकून
माझ्या डाव्या कुशीपुरती जागा करते.