उसनं

आप्पांचा चष्मा पुरात गेला,
म्हणून यादी मी वाचली.

शाळेच्या ओट्यावर पोत्यांची थप्पी.
घरटी गहू दहा किलो, तांदूळ दहा, तूरडाळ तीन.
रेशनवाला प्रत्येकाला बजावत होता,
"एकदाच मिळंल. तात्पुरतं हाय हे."
जणू आम्ही कायमचं मागायला आलो होतो.

आप्पा कोतवाल. तीस वर्षं दवंडी दिलेला गळा.
मी हळू वाचायची, ते मोठ्यानं पुकारायचे:
गयाबाई मुंजाजी सोळंके.
शेख खाजा रशीद.
सटवाजी...
इथं शाई पसरली होती, आडनाव ओलीनं नेलं होतं.
दोन सटवाजी पुढं आले.
दोघांच्याही पायात काही नव्हतं.

मशीनवर अंगठे उमटेनात.
चार दिवस घरातला गाळ उपसून
बोटांची कातडी पांढरी, चुण्या पडलेली.
गयाकाकूनं अंगठा पदराला पुसला,
केसांत घासला, पुन्हा ठेवला.
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
"आता आन कोन्ता करू," काकू म्हणाली,
"मी मीच हाय, बाबा."
मशीनला ते पटलं नाही. तलाठ्यानं वही काढली.

यादी संपली.
केवळाबाईचं नाव आलंच नाही.

तिचं घर वरच्या आळीला.
सिंदफणा तिच्या उंबऱ्यापर्यंत आली,
उंबऱ्याला शिवली आणि मागं फिरली.
पंचनाम्याला साहेबांनी बॅटरी मारून भिंती बघितल्या.
गाळाची रेघ कुठं कमरेला, कुठं देवळीच्याही वर.
रेघ असंल त्याचं नाव.
केवळाबाईची भिंत कोरडी.

कणगीही कोरडी,
हात घातला की बूड लागायचं.
पाच दिवस अडतीस माणसं तिच्या ओसरीत जेवली.
गिरणीची मोटार पाण्याखाली,
म्हणून माळ्यावरचं जातं उतरवलं,
बाया पाळीपाळीनं दळायच्या.
रात्री जातं घरघरायचं, खाली नदी घरघरायची,
मला झोपेत कळायचं नाही कोण दळतंय
आणि काय.

फॉर्मवर कणगीचा रकाना नाही.
मी आप्पांना तसं म्हणाले.
"चष्मा न्हाई गं," ते म्हणाले,
"मला रकाने दिसत न्हाईत."
आणि बराच वेळ माझ्याकडं बघितलं नाही.

दिवे नव्हतेच, तरी दिवेलागणीला
सगळ्या तिच्या दारात.
कुणाच्या ओच्यात तांदूळ, कुणाच्या घमेल्यात गहू,
खाजाभाईंची सून टोपीत डाळ घेऊन आली,
भांडं सापडलं नव्हतं तिला.
केवळाबाईनं कंदील वर धरला. बघितलं.
"मी जवारी दिली व्हती," ती म्हणाली.
"हे भात खाऊन माझं पोट दुखतंय.
उसनं जसं नेलं तसं आनायचं असतं.
पोरी, लिव्हून ठिव."

कागद एकच होता. सरकारी यादी उलटी केली,
मागच्या बाजूला लिहीत गेले:
गयाबाई, चार पायल्या.
खाजाभाई, तीन.
दोन्ही सटवाजी मिळून दोन.
आम्ही, पाच. आम्ही जास्त दिवस होतो.
तारीख काय घालू?
"घाल की सुगीची."
माती वाहून खडक उघडा पडलेल्या रानात
सुगी कधी, ते कुणी विचारलं नाही.
मी सुगी लिहिलं. ऱ्हस्व का दीर्घ, आठवेना.

डाळ मात्र तिनं ठेवून घेतली, वाटीभर.
चूल पेटवली, दारातल्यांना बसा म्हणाली,
मग डबा उघडून थांबली.
मीठ.
पाच दिवसांत तिचं संपलं होतं.
खालच्या गावाचं तर डब्याडब्यात विरघळून
नदीबरोबर गेलेलं.
यादीत मीठ नव्हतं.

आप्पा उठले. आळीच्या तोंडाशी गेले,
कानावर हात ठेवला,
आणि ज्या गळ्यानं ते कर, लस, निवडणूक पुकारायचे
त्याच गळ्यानं अंधारात हाळी दिली:
ऐका हो ऐका,
चिमूटभर मीठ, कुनाकडं हाय का मीठ...

खालून कुणीतरी हसलं.
पुरानंतर पहिल्यांदा.
मग एक कंदील वर यायला लागला.