शटरवरचं बोट

नवी पेठेत बुर्लेंच्या दुकानात
काउंटरच्या काचेवर दोन कॅमेरे,
आणि समोर मी, सलग तिसरा रविवार.
बुर्ले आता चहा घेणार का विचारत नाहीत,
पोऱ्याला नुसती दोन बोटं दाखवतात.

दोन्ही पहिल्या पायरीचे. म्हणजे कंपनीच्या हिशेबानं
नवशिक्यासाठी. मी ऐकून घेतो.
एकोणीस वर्षं टॉवेलची नक्षी भरतोय
ग्राफच्या कागदावर, चौकोन चौकोन,
मोर, कमळ, एकदा मस्कतच्या गिऱ्हाइकाला उंट,
तेव्हा चोवीस मेगापिक्सल म्हणजे काय
ते मला नका सांगू.
चौकोन वाढवले म्हणून मोर पिसारा फुलवत नाही.

तरी घरी तोच कागद घेऊन बसलो.
ह्याला हिरवा चौकोन, त्याला तांबडा.
हा हलका, तो जाड.
ह्याच्यावर मामांची जुनी पन्नासची लेन्स बसते
पण फोकस हातानं फिरवायचा;
त्याच्यात मोटर आहे, पण मॉडेल तीन वर्षांचं शिळं.
ह्याचा सेन्सर अंधारात कमी दाणे पाडतो,
आणि अंधार तर माझ्याकडे ठोक भावात आहे:
इप्पाकायलांच्या कारखान्यात रात्रपाळी,
सोळा माग, चार ट्यूब, त्यातली एक लुकलुकती,
कापसाचा भुगा भुवयांवर घेऊन
नरसय्या तुटलेला धागा शोधतो, ते तोंड
मला हवंय. मोबाईलमध्ये येतं ते,
पण गुळगुळीत, लग्नाला निघाल्यासारखं.

कागद भरला. हिरवे एकतीस, तांबडे एकतीस.

थोरली म्हणाली, नाना, मग लग्नाच्या ऑर्डरी घेणार का?
नाही.
मग पेपरात देणार?
नाही गं.
सुगुणा विडी वळता वळता खाली बघूनच हसली.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
अठ्ठावीस हजार पाचशे आहे, बॅग फुकट.
भिशी तिच्या नावावर लागली होती. ती काही बोलली नाही,
हे मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं.

आज बुर्ले म्हणाले, घ्या की ओ हातात,
किती दिवस लांबनं बघणार, नवरी आहे का ती?

हलका उचलला. छान.
बटण पार पुढच्या टोकाला,
आणि माझी तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपते.
उरलेली दातेरी चाकात गेली, मागावर होतो तेव्हा,
म्हणून तर नक्षीच्या टेबलाशी बसलो.
ज्यांनी ज्यांनी कॅमेऱ्यांवर पानंच्या पानं लिहिलीत,
वजन, वेग, रंगांची खोली,
त्यांची सगळ्यांची बोटं पुरी असावीत.

जाड उचलला. तळहातात भरला
भाकरीच्या उंड्यासारखा,
आणि मधलं बोट आपलं आपण बटणावर जाऊन बसलं.

बुर्लेंवर रोखून दाबलं.
खट्ट.
आत आरसा उचलला गेला, सगळं काळं झालं
पापणीएवढं,
आणि परत बुर्ले.
म्हणजे ज्या घटकेचा फोटो निघतो
नेमकी तेवढीच मला दिसत नाही!
माहीत होतं, वाचलं होतं,
तरी धस्स झालं.
फोटोत चहाचा ग्लास स्वच्छ, बुर्ले धुकट.
दुसरा काढा, ते म्हणाले, थांबा, शर्टाचं बटण लावतो.
राहू द्या. पावती करा.

पार्क चौकात ऊन त्रेचाळीसच्या वर,
रिक्षात बॅग पोटाशी धरून बसलो,
एकही फोटो काढला नाही, तळ्याचा नाही, किल्ल्याचा नाही.

घरी सुगुणानं तंबाखूचे हात पदराला पुसले,
दोन्ही हातांत धरून बघितला.
वजन आहे की, म्हणाली. काय काढलं?
दाखवलं.
ग्लास चांगला आलाय, म्हणाली,
आणि पुन्हा सुपापाशी बसून
कुठवर मोजलं होतं ते आठवत राहिली.